एक दार, तीन घरे : संस्थेच्या वेबमेल प्रवेशव्यवस्थेविषयी

(संस्थेच्या वर्धापनदिनी माहिती तंत्रज्ञान विभागाच्या प्रमुखांनी केलेल्या भाषणाचा लिखित स्वरूपातील मजकूर)



वर्धापनदिनाच्या या व्यासपीठावरून आजवर आपण शल्यचिकित्सा, नवजात शिशूंची शुश्रूषा, रक्तपेढीचे कार्य अशा विषयांवर तज्ज्ञांचे विवेचन ऐकत आलो आहोत. त्या मालिकेत संगणक विभागातील एका माणसाने उभे राहून ई-मेल उघडण्याच्या पानाविषयी बोलावे, हे काहींना विजोड वाटण्याची शक्यता आहे. मलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु विषय सुचविताना वैद्यकीय संचालकांनी एका रुग्ण भगिनीची आठवण करून दिली आणि मला नकार देता आला नाही.

ही घटना २०२३च्या पावसाळ्यातील आहे. आपल्या ग्रामीण केंद्रात एका महिलेच्या स्तनातील गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढण्यात आला. तो येथील विकृतिशास्त्र प्रयोगशाळेत आला, तपासणी वेळेत झाली आणि अहवाल संबंधित शल्यचिकित्सकांच्या ग्रामीण केंद्राच्या ई-मेल पत्त्यावर त्याच संध्याकाळी रवाना झाला. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत ‘पाठविला’ असा शेरा आहे आणि तो खरा आहे. शल्यचिकित्सक महोदय दररोज सकाळी आपली टपालपेटी उघडून पाहत होते, हेही खरे आहे. त्या भगिनी आणि त्यांचे यजमान दोन वेळा एस.टी.ने येऊन चौकशी करून गेले. दोन्ही वेळा त्यांना ‘अहवाल अजून आलेला नाही’ असे प्रामाणिकपणे सांगण्यात आले. अकराव्या दिवशी प्रयोगशाळेतील एका तंत्रज्ञ भगिनींनी सहज दूरध्वनी केला, तेव्हा कर्करोगाचे निदान असलेला तो अहवाल सापडला. तो कोठेही हरवला नव्हता. डॉक्टरांच्याच दुसऱ्या पेटीत तो न उघडलेला पडून होता.

त्या भगिनींवर पुढे येथेच शस्त्रक्रिया व उपचार झाले. परंतु ते अकरा दिवस आपल्या खात्यावर आहेत, आणि त्यांपैकी बराच भाग माझ्या विभागाच्या खात्यावर आहे. तो कसा, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आपल्या न्यासाच्या तीन शाखांचे ई-मेल पत्ते निरनिराळे आहेत. ई-मेलच्या पत्त्यात ‘@’ या चिन्हाच्या अलीकडे व्यक्तीचे अथवा विभागाचे नाव असते आणि पलीकडे संस्थेचे. या पलीकडच्या भागाला ‘डोमेन’ म्हणतात. रुग्णालयाचे डोमेन २००४ साली घेतले गेले व त्याचे टपाल आपल्याच तळमजल्यावरील संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, साठविले जाऊ लागले. परिचर्या महाविद्यालयाने २००९ साली स्वतःचे डोमेन घेतले, ते बाहेरच्या एका सेवादाराकडे. ग्रामीण केंद्राला २०१५ साली एका उदार देणगीदारांनी संगणकसामग्री दिली, तीत एक सर्व्हरही होता. साहजिकच केंद्राचे टपाल तेथे ठेवले गेले. अशा रीतीने तीन डोमेन आणि तीन ठिकाणचे तीन सर्व्हर झाले. यात कोणाचीही चूक नव्हती. वाढत जाणाऱ्या वाड्यात खोल्या जशा गरजेप्रमाणे जोडल्या जातात, तसेच हे घडले.

डोमेन आणि सर्व्हर या दोन गोष्टी भिन्न आहेत, एवढे कृपया ध्यानात असू द्यावे. आजच्या साऱ्या कथेची मेख तेथे आहे. डोमेन हा पत्ता आहे आणि सर्व्हर हे टपाल ठेवण्याचे कपाट. पत्ता कायम राहतो, कपाट बदलू शकते. एका कपाटात अनेक पत्त्यांचे टपाल राहू शकते आणि एकाच संस्थेचे टपाल अनेक कपाटांतही असू शकते.

आपल्याकडे हा प्रश्न टपालखात्याने फार पूर्वी सोडविलेला आहे. महाराष्ट्रात वडगाव किती आणि पिंपळगाव किती, याची गणती कोण करणार? म्हणून तर वडगाव मावळ, पिंपळगाव बसवंत असे म्हणावे लागते. अशा एकाच नावाच्या गावांमुळे पत्रे भलतीकडे जात. त्यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्याच कोकणातले, टपालखात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे व्यासंगी पंडित होते. त्या योजनेत मला नेहमी एक गोष्ट विशेष वाटते. पत्र लिहिणाऱ्याने फक्त सहा अंक लिहायचे. ते कोणत्या गाडीने जाईल, कोणत्या केंद्रात त्याची छाननी होईल, हे त्याला कोणी विचारत नाही.

आम्ही नेमके उलट केले होते. २०१७ साली तिन्ही शाखांसाठी ‘राउंडक्यूब’ या प्रणालीवर एकच वेबमेल पान तयार केले. वेबमेल म्हणजे कोणत्याही संगणकाच्या ब्राउझरमधून टपाल पाहण्याची सोय. राउंडक्यूबचा आरंभ २००५ साली थॉमस ब्रूडर्ली या स्विस संगणकतज्ज्ञाने केला. ही प्रणाली विनामूल्य व मुक्त परवान्याची असल्याने कोषाध्यक्ष महोदयांना आम्हांला त्रास द्यावा लागला नाही. त्या पानावर नाव आणि पासवर्ड यांच्या खाली तिसरी चौकट होती : ‘सर्व्हर’. बाणावर क्लिक केले की तिन्ही सर्व्हरची यादी उघडे आणि काहीही निवडले नाही तर पहिला, म्हणजे रुग्णालयाचा, गृहीत धरला जाई. ही चौकट मी स्वतः बसविली होती आणि ती बसवून झाल्यावर मला समाधानही वाटले होते.

आता विचार करा. आपल्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपरच्या खिडकीवर आलेल्या आजीबाईंना आपण ‘तुम्हांला कोणत्या मजल्यावरच्या कोणत्या खोलीत जायचे आहे?’ असे विचारतो काय? त्या नाव, गाव आणि दुखणे सांगतात. खोली कोणती हे खिडकीमागच्या माणसाने जाणायचे असते. रात्रपाळी संपवून अहवाल पाहू इच्छिणाऱ्या सिस्टरना आम्ही मात्र सर्व्हर विचारीत होतो. बहुतेकांनी त्या चौकटीकडे पाहणेच सोडून दिले. ज्यांचा पत्ता एकाच शाखेचा, त्यांचे त्याने फारसे बिघडले नाही. परंतु शल्यचिकित्सक महोदयांचे दोन पत्ते होते आणि दोन्हींत ‘@’ अलीकडचे नाव तेच. ते नाव लिहीत, पासवर्ड लिहीत, रुग्णालयाची पेटी उघडे आणि आपले सर्व टपाल आपण पाहिले असे त्यांना वाटे. असे वाटण्यात गैर काहीच नव्हते. चुकीचे दार उघडले असता पडद्यावर कोणतीही सूचना येत नव्हती; दार तर उघडत होते.

त्या घटनेनंतर घाईघाईने आम्ही जो पहिला उपाय केला, तो मूळ दोषाहून वाईट निघाला. सांगताना संकोच वाटतो, पण सांगतो. तिन्ही शाखांना तीन स्वतंत्र पाने दिली. प्रत्येक पान नावापुढे आपापले डोमेन आपोआप जोडी. राउंडक्यूबमध्ये यासाठी ‘युजरनेम डोमेन’ नावाची तजवीज आहे आणि तिच्या जोडीला सक्तीची एक कळ आहे. ती लावली असता वापरणाऱ्याने दुसरे डोमेन लिहिले तरी ते पुसून पानाचे स्वतःचे डोमेन लावले जाते. लोक पत्ते चुकीचे लिहितात, म्हणून आम्ही ती सक्ती लावली.

महाविद्यालयाच्या लेखा विभागातील एक लिपिक भगिनी रुग्णालयाच्या इमारतीतील संगणकावर बसल्या होत्या. तेथे रुग्णालयाचे पान उघडलेले होते. त्यांनी महाविद्यालयाचा संपूर्ण पत्ता बिनचूक लिहिला. प्रणालीने त्यातील महाविद्यालयाचे डोमेन काढून रुग्णालयाचे लावले. ‘अकाउंट्स’ नावाची पेटी दोन्हीकडे होती आणि दोन्ही पेट्यांना खाते उघडताना दिलेला आरंभीचा एकच पासवर्ड कोणी बदललेला नव्हता. त्यांच्यासमोर रुग्णालयाच्या लेखा विभागाची पेटी उघडली. धर्मादाय योजनेखाली आपल्याकडे १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात, हे आपण जाणताच. त्यांचे तहसीलदारांचे उत्पन्नाचे दाखले, शिधापत्रिकांच्या प्रती त्या पेटीत होत्या. भगिनींनी पान तत्काळ बंद केले आणि त्या स्वतः चालत माझ्या विभागात आल्या. त्या आल्या नसत्या तर आम्हांला ही गोष्ट कधी कळली असती, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. गरिबीचा दाखला ही एखाद्या कुटुंबाने विश्वासाने आपल्या हाती दिलेली वस्तू आहे. २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाची भाषा वेगळी असेल, पण मला त्या दिवशी आठवले ते खिडकीवर दाखला देताना आवाज खाली आणणारे लोक.

त्याच दुपारी सक्तीची कळ काढली आणि सर्व सामायिक पेट्यांचे पासवर्ड बदलले. मग आम्ही शांतपणे बसून प्रश्न पुन्हा मांडला. माणसाला काय ठाऊक असते? त्याचा संपूर्ण पत्ता आणि त्याचा पासवर्ड. एवढेच विचारायचे. उरलेले सर्व संस्थेने जाणायचे.

राउंडक्यूबमध्ये ही सोय प्रथमपासून होती, आम्ही तिच्याकडे लक्ष दिले नव्हते. सर्व्हरच्या यादीत प्रत्येक सर्व्हरपुढे त्याच्याकडे असलेल्या डोमेनांची सूची लिहिता येते. तशी ती लिहिली की पानावरची निवडीची चौकट नाहीशी होते. वापरणाऱ्याने पूर्ण पत्ता लिहिला की प्रणाली ‘@’ पलीकडचा भाग वाचते, सूचीत शोधते आणि योग्य सर्व्हरकडे जाते. अक्षरे मोठ्या लिपीत आहेत की लहान, याने डोमेनच्या बाबतीत फरक पडत नाही. नाव अर्धे लिहिले तर ‘कृपया पूर्ण पत्ता लिहावा’ अशी मराठीतील सूचना आम्ही पानावर घातली. काही ज्येष्ठ डॉक्टरांनी ‘एवढे लांब कोण लिहिणार’ अशी तक्रार केली. ती तक्रार मी आनंदाने ऐकून घेतली.

त्यानंतर एक आघात आम्हीच ओढवून घेतला. सर्व्हरशी होणारे बोलणे गुप्त राहावे म्हणून प्रत्येक सर्व्हरला सुरक्षा-प्रमाणपत्र असते, आणि त्यावरील नाव व आपण हाक मारलेले नाव जुळावे लागते. आमच्या जुन्या मांडणीत सर्व्हर केवळ अंकी क्रमांकाने नोंदलेले होते. प्रमाणपत्राची तपासणीच बंद ठेवणे हा सोपा मार्ग अनेक जण पत्करतात. आम्हीही तोवर पत्करला होता. आता नीट करायचे ठरवून एका रविवारी रात्री अंकांऐवजी सर्व्हरची रीतसर नावे लिहिली. सोमवारी सकाळी ओपीडी सुरू झाली आणि माझा दूरध्वनी थांबेना. प्रत्येकाचे टपाल जागेवर होते, पण पत्त्यांची वही कोरी, पत्राखालची सही नाहीशी आणि सर्व पसंती पहिल्यासारख्या.

कारण असे की, राउंडक्यूब आपल्या नोंदीत माणसाला केवळ त्याच्या नावाने ओळखत नाही. ‘हे नाव, या सर्व्हरवरचे’ अशा जोडीने ओळखते. आम्ही सर्व्हरचे नाव बदलताच त्याच्या दृष्टीने सर्व मंडळी नवखी ठरली. त्याने निमूटपणे प्रत्येकासाठी नवे कोरे खाते उघडून दिले. आपल्या ज्येष्ठ वैद्यकतज्ज्ञांनी जिल्ह्यातील, तालुक्यातील कौटुंबिक डॉक्टरांचे पत्ते वर्षानुवर्षे जमविले होते. ते म्हणाले, ‘‘माझी वही जळाली का?’’ वही जळाली नव्हती. जुन्या खात्यांखाली ती शाबूत होती. जुन्या नोंदींत नवे सर्व्हरनाव घालायचे, एवढेच काम. परंतु तेच नाव धारण करणारे कोरे खाते आधी दूर केल्याशिवाय प्रणाली ते करू देत नाही, आणि काहींनी तोवर कोऱ्या वहीत नवे पत्ते लिहिले होते. ते हाताने जुळवावे लागले. त्यात दोन रात्री गेल्या. माझ्या दोन तरुण सहकाऱ्यांनी ते काम केले. वॉर्डातील मावशींनी त्यांना पहाटे चहा आणून दिला, याची नोंद या अहवालात व्हावी अशी माझी इच्छा आहे.

टपाल पाठविण्याची बाजू मी थोडक्यात सांगतो. महाविद्यालयाचे पत्र रुग्णालयाच्या सर्व्हरवरून बाहेर पडले, तर समोरचा सर्व्हर ‘या डोमेनच्या वतीने पत्र पाठविण्याचा अधिकार तुम्हांला आहे काय?’ असे पाहतो आणि नसल्यास पत्र नको असलेल्या टपालात टाकतो किंवा परत करतो. फेब्रुवारी २०२४पासून गुगल आणि याहू यांनी याविषयीचे नियम कडक केले. म्हणून ज्या सर्व्हरवर प्रवेश, त्याच शाखेच्या सर्व्हरवरून रवानगी, अशी जोडी लावून दिली आहे. महाविद्यालयाची प्रवेशपत्रे विद्यार्थिनींच्या स्पॅममध्ये जात असल्याची प्राचार्यांची तक्रार त्यानंतर पुन्हा आलेली नाही.

यातही एक उणीव उरली होती. ही सारी हुशारी केवळ वेबमेलच्या पानात होती. मोबाइलवरील टपालाच्या ॲपला त्या सूचीची गंधवार्ता नसते. तो पुन्हा आपला ‘सर्व्हर कोणता?’ विचारतोच. आणि डॉक्टर मंडळी आता पानापेक्षा मोबाइल अधिक पाहतात. म्हणून आम्ही तिन्ही सर्व्हरच्या पुढे एक द्वारपाल उभा केला. ‘डव्हकॉट’ नावाची टपालप्रणाली २००२पासून प्रचारात आहे. तिला स्वतः टपाल न सांभाळता केवळ वाट दाखविण्याच्या कामावर नेमता येते. तिच्यापाशी एक तक्ता असतो : हा संपूर्ण पत्ता, त्याचे कपाट अमुक सर्व्हरवर. कोणी आले की ती पत्ता आणि पासवर्ड पडताळते, तक्ता पाहते आणि जोडणी मागच्या योग्य सर्व्हरला लावून देते. वेबमेल असो, मोबाइल असो, बाहेरच्यांना एकच नाव दिसते. राउंडक्यूबलाही आता हेच एक दार दिलेले आहे. या वेळी आधी खात्यांच्या नोंदी बदलल्या, मग दार बदलले. सर्व नोंदी पूर्ण पत्त्यानिशी असल्यामुळे तीन सर्व्हरवरची माणसे एका नावाखाली आणताना दोन ‘अकाउंट्स’ एकमेकांवर आदळली नाहीत. नुसती नावे ठेवली असती तर हे काम झालेच नसते.

याचा लाभ लगेच दिसला. ग्रामीण केंद्रातील देणगीचा तो सर्व्हर विजेच्या लपंडावाने जीर्ण झाला होता. त्यातील एकेक पेटी आम्ही येथे आणली आणि तक्त्यातील एकेक ओळ बदलली. केंद्रातील एकाही सिस्टरला नवा पत्ता, नवा पासवर्ड किंवा नवी सूचना द्यावी लागली नाही. स्थलांतर झाले हे त्यांना आज या भाषणातून कळत असेल. देणगीदार महोदय येथे उपस्थित आहेत; त्यांना सांगतो की त्या सर्व्हरने आपली सेवा पूर्ण केली आहे.

दार एकच झाले म्हणजे त्याची राखणही वाढली. नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये झालेल्या सायबर हल्ल्यानंतर तेथे कित्येक दिवस कामकाज कागदावर चालवावे लागले होते. आपल्या दारापाशी येऊन गेलेली गोष्ट म्हणजे २०२५च्या जून महिन्यात उघड झालेला राउंडक्यूबमधील दोष. तो प्रणालीत दहा वर्षांहून अधिक काळ दडून होता, आणि प्रवेश मिळविलेल्या कोणालाही त्याच्या आधारे सर्व्हरवर आपल्या मनाचे आदेश चालविता येत होते. म्हणजे एका माणसाचा पासवर्ड फुटला तरी सर्वांचे घर उघडे. दुरुस्त आवृत्ती आली तशी आम्ही ती बसविली. आपला पासवर्ड कागदावर लिहून संगणकाच्या काचेवर चिकटविणाऱ्यांना मी आज नावाने ओळखतो, पण नावे घेत नाही.

आणि विकृतिशास्त्र प्रयोगशाळेने एक नियम केला आहे, जो माझ्या मते वरील सर्व खटाटोपाइतकाच महत्त्वाचा आहे. कर्करोगाचे निदान असलेला अहवाल ई-मेलने गेला तरी त्याच दिवशी दूरध्वनीही केला जातो आणि ज्यांनी तो घेतला त्यांचे नाव नोंदवहीत लिहिले जाते. ‘पाठविला’ या शेऱ्याच्या शेजारी आता ‘मिळाला’ असा दुसरा रकाना आहे.

एका गोष्टीचा निर्णय मात्र माझ्या अधिकारातील नाही. निवृत्त झालेल्या आणि दिवंगत झालेल्या डॉक्टरांच्या पत्त्यांवर आजही रुग्णांची पत्रे येतात. काही पत्रे केवळ कृतज्ञतेची असतात, काहींत तपासणीचे कागद जोडलेले असतात. त्या पेट्या आता कोणी उघडत नाही आणि नव्या तक्त्यात त्यांच्यापुढील ओळ मी कोरी ठेवलेली आहे. ती पत्रे संबंधित विभागाकडे वळवावीत, की पाठविणाऱ्याला सविनय उत्तर जावे, आणि खाजगी पत्रांचे काय करावे, हे विश्वस्त मंडळाने आगामी बैठकीत ठरवून द्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.